टीव्ही एवढा रुंद, तरी सिनेमाला काळ्या पट्ट्या का?

मोठा टीव्ही घरी येतो. बातम्या, मालिका, सामने पडदाभर दिसतात. मग हौसेनं सिनेमा लावावा, तर वर एक काळी पट्टी आणि खाली एक काळी पट्टी. पहिला संशय टीव्हीवर जातो, दुसरा केबलवर किंवा ॲपवर. शेवटी रिमोट हातात घेऊन कुणीतरी ‘झूम’ दाबतं, पट्ट्या नाहीशा होतात आणि सगळे निवांत सिनेमा बघू लागतात.

त्या ‘झूम’साठीच हा लेख आहे. काळ्या पट्ट्या दिसणं हा बिघाड नाही. त्या घालवायला गेलं की मात्र सिनेमाचा जवळजवळ पाव भाग कापला जातो, आणि तो कापला गेलाय हे पडद्याकडे बघून कळतही नाही. म्हणूनच या पट्ट्या कुठून आल्या हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

आधी आकाराचं गणित

चित्राची रुंदी उंचीच्या किती पट आहे, या आकड्याला ॲस्पेक्ट रेशो म्हणतात. आपण त्याला नुसतं ‘प्रमाण’ म्हणू. आजच्या जवळजवळ सगळ्या टीव्हींचं प्रमाण 16:9 असतं, म्हणजे रुंदी उंचीच्या 1.78 पट. सिनेमांचं प्रमाण मात्र एकच नसतं. सर्वांत जास्त दिसणारी दोन म्हणजे 1.85 आणि 2.39. दुसऱ्या प्रकारात चित्र उंचीच्या जवळपास अडीच पट रुंद असतं. त्याला ‘स्कोप’ म्हणायची पद्धत आहे.

आता 55 इंची टीव्ही घ्या. 55 इंच हे कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतचं तिरपं माप. प्रत्यक्षात पडदा साधारण 48 इंच रुंद आणि 27 इंच उंच असतो. त्यावर 2.39 प्रमाणाचा सिनेमा पूर्ण रुंदीत बसवला, तर चित्राची उंची 48 भागिले 2.39, म्हणजे 20 इंच येते. उरले सात इंच. साडेतीन वर, साडेतीन खाली. तिथे दाखवायला चित्रच नाही, म्हणून ती जागा काळी राहते. 1.85 प्रमाणाच्या सिनेमाला याच टीव्हीवर जेमतेम अर्ध्या इंचाच्या पट्ट्या येतात, त्या बहुतेकांच्या लक्षातही येत नाहीत.

लग्नातल्या एखाद्या लांबलचक ग्रुप फोटोची कल्पना करा. घरात फ्रेम आहे ती कमी रुंद आणि जास्त उंच. तुमच्यापुढे तीनच वाटा असतात. फोटो अख्खा ठेवायचा आणि वर-खाली कोरी जागा सोडायची. किंवा फ्रेम भरेल इतका फोटो मोठा करायचा आणि दोन्ही टोकांना उभे असलेले काका-मामी कापून टाकायचे. किंवा फोटो उभा ताणायचा, म्हणजे सगळेच किडकिडीत आणि उंच दिसतील. चौथी वाट नाही. टीव्हीसमोरही हेच तीन पर्याय आहेत, आणि काळी पट्टी म्हणजे त्यातला पहिला.

सगळे सिनेमे एकाच आकारात का नाहीत?

सुरुवातीला होते. 1890च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सन यांनी 35 मिलिमीटर रुंदीची फिल्म घेतली आणि कडेच्या चार भोकांएवढ्या उंचीचं एक चित्र, असा हिशेब ठरवला. त्यातून 4:3, म्हणजे 1.33 हे प्रमाण आलं आणि मूकपटांच्या काळात तेच जगभर रुळलं. बोलपट आले तेव्हा आवाजाची पट्टी फिल्मच्या कडेला छापावी लागली, चित्राची जागा थोडी आकसली. मग 1932 साली हॉलिवूडच्या अकॅडमीनं, म्हणजे ऑस्कर देणाऱ्या संस्थेनं, 1.37 हे प्रमाण पक्कं केलं. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही.

टीव्ही आला तेव्हा त्यानं सिनेमाचाच 4:3 आकार उचलला. गंमत म्हणजे तेव्हा दोघांचा आकार अगदी जुळत होता. पट्ट्यांचा प्रश्नच नव्हता. हे जुळणं सिनेमावाल्यांनीच मोडलं, आणि तेही जाणूनबुजून.

1950 नंतर अमेरिकेत लोक घरबसल्या टीव्ही बघू लागले आणि चित्रपटगृहं ओस पडू लागली. घरच्या डब्यात मिळणार नाही असं काहीतरी देणं निर्मात्यांना भाग होतं. सप्टेंबर 1952 मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘सिनेरामा’ सुरू झालं. तीन प्रोजेक्टर, तीन शेजारी-शेजारी चित्रं आणि प्रेक्षकांना कवेत घेणारा भलामोठा वक्र पडदा. परिणाम जबरदस्त होता, पण प्रत्येक गावातल्या थिएटरला हा थाट परवडणं शक्य नव्हतं.

पुढच्याच वर्षी ट्वेंटिएथ सेंचुरी-फॉक्सनं ‘सिनेमास्कोप’ आणलं, आणि त्यामागची युक्ती मला आजही फार सुंदर वाटते. आँरी क्रेतियाँ या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञानं 1920च्या दशकातच एक भिंग तयार केलं होतं. ते समोरचं दृश्य उंचीला हात न लावता फक्त आडवं दाबत असे, निम्म्या रुंदीत. कॅमेऱ्याला ते भिंग लावलं की नेहमीच्याच 35 मिलिमीटर फिल्मवर दुप्पट रुंद दृश्य मावायचं. अशा फिल्मचा तुकडा उजेडासमोर धरला तर त्यातली माणसं बांबूसारखी सडपातळ दिसतात, मोटारीची चाकं उभी लंबगोल. थिएटरात प्रोजेक्टरला उलट काम करणारं भिंग लावायचं, की चाकं पुन्हा गोल आणि चित्र पडद्यावर ऐसपैस पसरलेलं. फिल्म तीच, प्रोजेक्टर तोच. भिंग आणि पडदा बदलला की झालं. म्हणून ही पद्धत झपाट्यानं पसरली.

सिनेमास्कोपचं प्रमाण सुरुवातीला 2.55 होतं. आवाजाच्या पट्टीला जागा देताना ते 2.35 झालं. पुढे 1970च्या सुमारास फिल्मचे जोड पडद्यावर चमकू नयेत म्हणून चित्राची उंची किंचित कमी केली आणि आकडा 2.39 वर आला. लोक आजही तिघांना सर्रास ‘2.35’ म्हणतात, बिघडत काही नाही. ज्यांना खास भिंगं नको होती त्यांनी साध्या फिल्मवर चित्र घेऊन वर-खालचा भाग झाकायला सुरुवात केली. त्यातून अमेरिकेत 1.85 आणि युरोपात 1.66 रुळलं. 70 मिलिमीटरची 2.20 आणि क्वचित वापरली गेलेली 2.76 ही आणखी भावंडं. थोडक्यात, टीव्हीपासून वेगळं दिसायचं म्हणून सिनेमा रुंद झाला. पुढे तोच सिनेमा टीव्हीवर दाखवायची वेळ आली, तेव्हा तो मावेना.

मग टीव्ही 16:9च का केला?

इथे बहुतेकांचा समज असा असतो की रुंद टीव्ही सिनेमासाठी बनवले, म्हणजे सिनेमा त्यावर पूर्ण बसायलाच हवा. तसं नाही. 16:9 हे कुठल्याही लोकप्रिय सिनेमाचं प्रमाण नव्हतंच. ती तडजोड आहे, आणि विचारपूर्वक केलेली.

1980च्या दशकात हाय-डेफिनिशन टीव्हीची आखणी चालू होती, तेव्हा कर्न्स पॉवर्स या अभियंत्यानं एक साधा प्रयोग केला. त्यानं वापरातल्या प्रमाणांचे कागदी आयत कापले. 1.33 चा, 1.66 चा, 1.85 चा, 2.20 चा, 2.35 चा. सगळ्यांचं क्षेत्रफळ मात्र सारखं. मग ते एकावर एक असे ठेवले की सर्वांचे मध्यबिंदू जुळतील. सर्वांना सामावून घेणारा बाहेरचा आयत मोजला, त्याचं प्रमाण साधारण 1.77 आलं. मग सर्वांमध्ये समाईक असलेला आतला आयत मोजला. त्याचंही 1.77. या आकड्याच्या सर्वांत जवळचं सुटसुटीत गुणोत्तर म्हणजे 16:9.

घरी कागद-कात्री घेऊन हा प्रयोग करून बघता येतो, आणि जरूर करावा. आकडेमोडीनंही तेच उत्तर मिळतं: 1.33 गुणिले 2.35, आणि त्या गुणाकाराचं वर्गमूळ. म्हणजे एका टोकाचा जुना टीव्ही आणि दुसऱ्या टोकाचा स्कोप सिनेमा यांच्या बरोबर मध्ये 16:9 उभा आहे.

या तडजोडीचा परिणाम बघा. जुना 4:3 कार्यक्रम आजच्या टीव्हीवर लावला, तर दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या येतात आणि पडद्याचा 75 टक्के भाग वापरला जातो. 2.39 चा सिनेमा लावला तर आडव्या पट्ट्या येतात आणि वापर होतो 74 टक्क्यांचा. दोघांचंही नुकसान सारखंच, साधारण पाव पडद्याचं. टीव्ही 1.33 चा ठेवला असता तर स्कोप सिनेमा निम्म्याहून थोड्याच अधिक जागेत आकसला असता. टीव्ही 2.39 चा केला असता तर जुने सगळे कार्यक्रम तसेच आकसले असते. काळी पट्टी कुणालाच येणार नाही असा आकार अस्तित्वात नाही. ती सगळ्यांना थोडी-थोडी येईल असा आकार मात्र आहे, आणि तोच आपल्या भिंतीवर टांगलेला आहे.

झूम केलं तर बिघडलं कुठे?

‘झूम’ दाबल्यावर टीव्ही चित्र इतकं मोठं करतो की उंची पडद्याएवढी होते. त्याबरोबर रुंदीही वाढते आणि ती पडद्याबाहेर जाते. 2.39 च्या सिनेमात डावीकडचा 13 टक्के आणि उजवीकडचा 13 टक्के भाग असा गायब होतो. खाली उपशीर्षकं असतील तर कधी-कधी त्यांचीही ओळ कापली जाते.

‘कडेला असतं तरी काय?’ हा प्रश्न नेहमी येतो. रुंद चौकट वापरणारे दिग्दर्शक आणि छायालेखक कडेचा वापर मुद्दाम करतात. दोन माणसं भांडलेली आहेत, एकमेकांशी बोलत नाहीत. एकाला चौकटीच्या अगदी डाव्या टोकाला बसवलं, दुसऱ्याला उजव्या. मध्ये रिकामं टेबल. ते मधलं अंतर हाच त्या दृश्याचा संवाद असतो. झूम केलं की डावीकडे अर्धा चेहरा, उजवीकडे एक कान आणि मध्ये टेबल. किंवा माणूस खोलीत एकटा आहे असं त्याला वाटतंय आणि कडेच्या दारात कुणीतरी येऊन उभं राहिलंय. प्रेक्षकाला ते दिसायला हवं, पात्राला नको. झूममध्ये ते दार पडद्यावरच नसतं. प्रसंग कळतो, पण त्यातली भीती जाते, आणि आपल्याला वाटतं सिनेमाच मिळमिळीत आहे.

4:3 टीव्हीच्या काळात हे सर्रास घडत होतं, आणि तेही स्टुडिओच्या हातून. व्हिडिओ कॅसेटसाठी स्कोप सिनेमाचा मधला तुकडा कापून घेत. महत्त्वाचं काही कडेला घडलं की तो तुकडा सरकवत नेत. याला ‘पॅन अँड स्कॅन’ म्हणत. 2.35 च्या सिनेमाचं 43 टक्के चित्र त्यात वाया जायचं. शिवाय मूळ सिनेमात जिथे कॅमेरा स्थिर होता, तिथे तो एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे सरकताना दिसायचा. दिग्दर्शकानं कधीच न केलेली हालचाल त्याच्या नावावर जमा व्हायची. अनेक दिग्दर्शकांनी याविरुद्ध जाहीरपणे आवाज उठवला, आणि पट्ट्यांसह अख्खं चित्र मिळणाऱ्या आवृत्त्या हळूहळू नेहमीच्या झाल्या. आज ती पट्टी दिसते तेव्हा चित्र अख्खं मिळालंय याची ती बऱ्याच अंशी खूण असते.

ताणण्याचा पर्याय तर त्याहून वाईट. काही टीव्हींत एक हुशार समजला जाणारा प्रकार असतो. तो 4:3 चित्र ताणताना मधला भाग जवळपास तसाच ठेवतो आणि कडा जास्त ओढतो. निवेदक मध्ये बसलेला असेल तर खपून जातं. कॅमेरा आडवा फिरू लागला की कडेची माणसं जाड होऊन आत येतात, मध्ये बारीक होतात आणि पलीकडे पुन्हा जाड होऊन बाहेर पडतात. एकदा हे दिसलं की दुर्लक्ष करणं कठीण जातं.

पट्ट्यांच्या मागे चित्र लपवलेलं असतं का?

बहुतेक वेळा नाही. पट्टी हे चित्रावर टाकलेलं झाकण नसतं, तिथे चित्रच नसतं. काही सिनेमांत मात्र चित्रीकरणाच्या वेळी फिल्मवर किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या सेन्सरवर वर-खाली जादा भाग टिपला जातो आणि थिएटरसाठी तो कापतात. अशा सिनेमाची जादा भाग उघडी ठेवलेली आवृत्ती कधीतरी टीव्हीवर येते आणि तिच्यात खरोखरच जास्त दिसतं. पण ते ‘जास्त’ म्हणजे कुणाच्या डोक्यावरचं रिकामं छत, पायाखालची जमीन आणि क्वचित लटकता माइकसुद्धा. छायालेखकानं डोळ्याला लावलेल्या चौकटीत ते नव्हतं, आणि त्यानं ते मोजूनच बाहेर ठेवलं होतं.

थिएटरात पट्ट्या का दिसत नाहीत?

दिसतात, फक्त त्या पट्ट्या वाटत नाहीत. चांगल्या थिएटरात पडद्याच्या कडेला काळ्या कापडाच्या झडपा असतात. सिनेमाच्या प्रमाणानुसार त्या सरकवतात आणि उरलेला पांढरा पडदा झाकतात. काही थिएटरांत पडद्याची उंची कायम असते आणि स्कोप सिनेमाला झडपा बाजूला होऊन चित्र आणखी रुंद होतं. ही मूळ कल्पना. स्कोप म्हणजे मोठं चित्र. टीव्हीची रुंदी वाढू शकत नाही, म्हणून तिथे स्कोप म्हणजे बुटकं चित्र. आपल्याला फसवल्यासारखं वाटतं त्याचं खरं कारण हे आहे. ज्या सिनेमाचा थाट सर्वांत मोठा, तोच घरी लहान दिसतो. ही खंत रास्त आहे, आणि तिच्यावर खरा उपाय पडदा मोठा करणं किंवा थोडं जवळ बसणं एवढाच.

मग टीव्हीच्याच आकारात सिनेमा का काढत नाहीत?

काही जण तसं करतात. 1.85 टीव्हीच्या इतकं जवळ आहे की तक्रारीला जागा राहत नाही. छायालेखक व्हित्तोरियो स्तोरारो यांनी 1998 साली सिनेमा आणि टीव्ही दोघांसाठी 2:1 हे एकच प्रमाण सुचवलं होतं. तेव्हा फार कुणी मनावर घेतलं नाही, पण 2013 नंतर अनेक वेबमालिका याच प्रमाणात बनू लागल्या. म्हणून हल्ली मालिकांनाही बारीक पट्ट्या दिसतात.

पण आकार हे दिग्दर्शकाचं साधन आहे, आणि ते त्याच्याकडून काढून घेणं मला पटत नाही. वाळवंट, गर्दी, दोन माणसांमधलं अंतर यांना रुंदी लागते. उंच इमारत, अरुंद जिना, एकटा चेहरा यांना उंची. 2014 च्या ‘द ग्रँड बुडापेस्ट हॉटेल’मध्ये तीन कालखंडांसाठी 1.37, 1.85 आणि स्कोप अशी तीन प्रमाणं वापरली आहेत. चौकट बदलली की काळ बदलला, हे कुणी न सांगता कळतं. 2008 च्या ‘द डार्क नाइट’चे काही प्रसंग जास्त उंच चौकट टिपणाऱ्या आयमॅक्स कॅमेऱ्यानं घेतले आहेत. त्याच्या ब्लू-रेमध्ये ते प्रसंग आले की पट्ट्या नाहीशा होऊन चित्र पडदाभर पसरतं आणि नंतर पुन्हा पट्ट्या येतात. टीव्ही बिघडला असं समजून सेटिंग चाळत बसायची गरज नाही.

रुंद टीव्ही काढून बघण्याचा प्रयत्नही झालेला आहे. फिलिप्सनं 2009 मध्ये 21:9 प्रमाणाचा टीव्ही बाजारात आणला. स्कोप सिनेमा त्यावर काठोकाठ बसायचा, पण बातम्या, मालिका आणि सामने लावले की दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या. टीव्हीवर दिवसभर काय चालतं याचा विचार केला तर तो प्रकार का टिकला नाही हे कळतं. आडव्या धरलेल्या मोबाइलवर आज हेच दिसतं. बऱ्याच फोनचे पडदे 20:9 च्या आसपास असतात, म्हणून सिनेमा छान बसतो आणि साध्या व्हिडिओला बाजूनं पट्ट्या येतात.

पट्ट्यांमुळे पडदा खराब होतो का?

एलसीडी किंवा एलईडी टीव्हीत काळजीचं कारण नाही. अशा टीव्हींत मागचा दिवा चालूच असतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत पट्ट्या काळ्याऐवजी राखाडी दिसतात आणि जास्त खटकतात. टीव्हीच्या मागे एक मंद दिवा लावला की डोळ्यांना त्या अधिक काळ्या भासतात. ओएलईडीमध्ये काळा ठिपका म्हणजे बंद ठिपका, म्हणून पट्टी खोलीच्या अंधारात मिसळून जाते. तिथे वर्षानुवर्षं फक्त स्कोप सिनेमेच बघितले तर मधले ठिपके जास्त झिजतील आणि पट्ट्यांच्या जागचे कमी. सिनेमा, बातम्या, सामने असं सगळं मिसळून बघणाऱ्या घरात हा प्रश्न सहसा येत नाही.

चित्राच्या स्पष्टतेत मात्र थोडी घट होते, हे मान्य करायला हवं. फुल-एचडी टीव्हीच्या 1080 आडव्या ओळींपैकी स्कोप सिनेमाच्या वाट्याला साधारण 800 येतात. उरलेल्या काळ्या राहतात. झूम केल्यानं ही घट भरून निघत नाही. त्याच 800 ओळी ताणून 1080 वर पसरतात आणि चित्र उलट मऊ दिसतं.

झूम कधी वापरावा?

पट्ट्या चारही बाजूंनी असतील तर. जुन्या 4:3 प्रक्षेपणात रुंद सिनेमा वर-खाली पट्ट्यांसह बसवलेला असतो. ते अख्खं पॅकेज आजच्या टीव्हीवर आलं की बाजूच्या पट्ट्यांची भर पडते आणि सिनेमा मधोमध पोस्टाच्या तिकिटाएवढा उरतो. इथे झूम केलं तर बहुधा फक्त पट्ट्याच बाहेर जातात. चित्राचं नुकसान होत नाही.

एरवी टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये जाऊन आकार ‘16:9’, ‘ओरिजिनल’ किंवा ‘ऑटो’ यांपैकी जो असेल त्यावर ठेवा. त्याच पानावर ‘स्क्रीन फिट’, ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘फुल पिक्सेल’ अशा नावाचा पर्याय असतो, तोही चालू करा. तो बंद असला की बरेच टीव्ही जुन्या सवयीनं चित्राच्या चारही कडा दोन-तीन टक्के कापतात. सेटिंग बरोबर बसलं का हे तपासायला पडद्यावर गोल वस्तू येऊ द्या. घड्याळ, चाक किंवा चंद्र. मोजपट्टी लावून त्याची उंची आणि रुंदी मोजा. दोन्ही मापं सारखी आली की चित्र ताणलेलं नाही. मग चित्राची रुंदी भागिले उंची करा. 2.39 च्या आसपास आकडा आला तर तो स्कोप सिनेमा आहे आणि तुम्हाला तो पूर्ण दिसतो आहे.